जुळे सोलापुरातील एक घरगुती पाळणाघर : अडीच वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

ज्या पाळणाघराविषयी मी लिहीत आहे त्याला पाटी नाही. जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू ते चालवतात. तिथे मुले येतात ती ओळखीतून, आणि नाव छापू नये अशी काकूंची इच्छा आहे. माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना तिथे जाऊ लागला आणि आता तो सव्वातीन वर्षांचा आहे. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात हिशेबनीस आहे. त्यामुळे हा अभिप्राय थोडा वहीखात्याच्या अंगाने जाईल. पाळणाघराविषयी लिहिणारे बहुतेक पालक भिंतीवरची चित्रे, खेळणी आणि कॅमेरे यांविषयी लिहितात. या तिन्ही बाबतींत हे पाळणाघर बेताचेच आहे. पण गेल्या अडीच वर्षांत माझी नोकरी टिकली की नाही आणि टिकली तर कोणत्या रूपात टिकली, हे त्याच्या दरवाजाच्या उघडण्या-मिटण्यावर अवलंबून राहिले, आणि मला प्रामुख्याने त्याविषयीच लिहायचे आहे.

आधी जे चांगले आहे ते सांगते. जागा स्वच्छ असते, म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेली नव्हे, तर रोज दोनदा फरशी पुसलेली. दोन वर्षांखालच्या मुलांची खोली वेगळी आहे आणि तिथे एका वेळी पाचांहून अधिक मुले घेत नाहीत. दुपारी मऊ भात, वरण, तूप आणि भाजी असते, चारच्या सुमाराला नाचणीची खीर किंवा फळ. आणि सोलापूरकराला वेगळे सांगायला नको अशी एक गोष्ट म्हणजे पाणी. उजनीचे पाणी आपल्याकडे चार-पाच दिवसांनी येते आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातल्या एकीला घरी थांबावे लागते. ती एक कोण, हेही ठरलेलेच असते. काकूंकडे जमिनीखाली मोठी टाकी आहे, त्यामुळे पाण्याच्या दिवशी पाळणाघर एकदाही उशिरा उघडले नाही. माझ्या मैत्रिणीचे मूल ज्या दुसऱ्या पाळणाघरात होते तिथून ‘आज पाणी आलेले नाही, मुलाला अकरानंतर आणा’ असा निरोप महिन्यातून दोन-तीनदा येत असे. तिच्या कार्यालयात त्या प्रत्येक निरोपाची अर्ध्या दिवसाची रजा लागली.

सांभाळणाऱ्या दोघी आहेत. त्यांतल्या वयाने मोठ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आहेत आणि माझा मुलगा पहिले वर्षभर पाण्याला ‘नीळ्ळु’च म्हणत असे. माझ्या सासूबाईंना ते प्रथम खटकले, नंतर त्या स्वतःच गंमत म्हणून विचारू लागल्या, ‘काय रे, नीळ्ळु हवं का?’ अक्कांच्या हातात मूल रडत नाही. मी हे मोजून सांगते, कारण पहिले पंधरा दिवस मी कुंपणाबाहेर गाडी बंद करून दहा-दहा मिनिटे कान देऊन उभी राहत असे.

आता हिशेब. मूल जन्मले तेव्हा माझा एकूण पगार १८,५०० रुपये होता, त्यात मूळ वेतन १३,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा कापून हातात सुमारे १६,८०० रुपये येत. पाळणाघराची फी तेव्हा ४,००० रुपये होती. गाडीचे पेट्रोल १,६०० रुपये आणि दूध, लंगोट, उशीर झाल्याचा दंड असा वरखर्च सहा-सातशे. घरात बसून ही बेरीज-वजाबाकी झाली तेव्हा सासरे शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे दहा हजारांसाठी ही सगळी धावपळ. दोन वर्षं घरी राहिलीस तर काय बिघडतंय?’ त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता आणि त्यांचे आकडेही बरोबर होते. चुकीची होती ती मांडणी. ४,००० रुपये माझ्या पगारातून वजा झाले होते, माझ्या पतींच्या ३१,००० रुपयांतून एक रुपयाही नाही. मूल दोघांचे असेल तर त्याच्या सांभाळाचा खर्च घराच्या एकत्रित उत्पन्नावर पडायला हवा, ही गोष्ट कोणत्याही भागीदारी संस्थेच्या ताळेबंदात पहिल्या पानावर दिसली असती. घराच्या हिशेबात मात्र ती फी ‘आईच्या नोकरीचा खर्च’ म्हणून लिहिली जाते आणि मग आईची नोकरी तोट्यात दिसू लागते.

शिवाय त्या वजाबाकीत काही रकमा धरलेल्याच नव्हत्या. माझे १,५६० रुपये आणि तेवढेच मालकाचे, असे ३,१२० रुपये दरमहा निधीच्या खात्यांत जात होते. निधीच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते आणि मध्येच निधी काढून घेतला की वर्षांची ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या वेळी माझ्या नोकरीची चार वर्षे पूर्ण झाली होती. पाच वर्षे भरली की उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तेही महिन्याचे सव्वीस दिवस धरून. १३,००० रुपयांच्या मूळ वेतनावर ते वर्षाला ७,५०० रुपये म्हणजे पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. राजीनामा दिला असता तर ही सगळी रक्कम अकरा महिन्यांच्या फरकाने बुडाली असती. हा कागद मी सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी पाळणाघर बघायला ते स्वतः माझ्याबरोबर आले. (आल्यावर त्यांनी काकूंना पहिला प्रश्न विचारला तो टाकीच्या क्षमतेचा.)

रजेविषयीही लिहिले पाहिजे, कारण पाळणाघराची गरज रजा संपते त्या दिवशी सुरू होते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यावे, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. या तरतुदीतली मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची आहे, ही बाब मला महत्त्वाची वाटते. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट तीसहून अधिक स्त्री कामगार असल्यास लागू होत होती. तशा मोजणीत प्रत्येक नवी बाई मालकाला पाळणाघराच्या खर्चाजवळ नेते. आमच्याकडे मात्र एकूण माणसे बत्तीस आणि त्यांत बायका बारा, म्हणजे दोन्ही मोजण्यांतून आम्ही बाहेर. माझा पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत असल्याने मी कर्मचारी राज्य विमा योजनेत होते आणि रजेच्या काळातले पैसे मला महामंडळाकडून मिळाले, मालकाच्या खिशातून नव्हे. तरीही रजेवर जाताना ‘सहा महिने फुकट पगार’ हे शब्द मला ऐकवले गेले, आणि परत आले तेव्हा माझ्याकडचे निर्यातीच्या बिलांचे काम एका नव्या मुलाकडे गेलेले होते.

सव्वीस आठवडे मोठे वाटतात, पण मूल जेमतेम बसू लागते तोच ते संपतात. पुढचे तीन महिने माझी आई बार्शीहून येऊन राहिली. तिच्या शेतीच्या कामाला तेवढ्या काळापुरता गडी लावावा लागला, त्याची मजुरी वडिलांनी दिली. हा खर्च आमच्या कोणत्याच हिशेबात आलेला नाही. अंगणवाडी घरापासून जवळ आहे. पण ती दुपारपर्यंतच असते आणि शिकण्याचा वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असतो. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची कल्पना आहे, पण आमच्या वस्तीत तसे केंद्र मला सापडले नाही.

आता या पाळणाघरातला मुख्य दोष. ते सकाळी नऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. माझे कार्यालयही सहालाच सुटते आणि मधे अख्खे शहर आहे. काकूंनी पंधरा मिनिटांची सूट दिलेली आहे, त्यापुढे दर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये. दंडाविषयी माझी तक्रार नाही. मला महाग पडले ते दुसरेच. गेल्या वर्षी आमच्याकडे माल रवानगीच्या विभागाची जबाबदारी मला देऊ केली गेली. पगारात दरमहा ४,००० रुपयांची वाढ होती, पण गाड्या संध्याकाळी भरल्या जातात, त्यामुळे साडेसातपर्यंत थांबणे आवश्यक होते. मी नकार दिला. पाळणाघराची फी आता ४,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५४,००० रुपये आहे. त्याचा दरवाजा सहाला बंद होतो याची मला पडलेली किंमत वर्षाला ४८,००० रुपये आहे. पहिली रक्कम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, दुसरी मी लिहून काढेपर्यंत कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाले तेव्हा मी त्यांच्या कामाविषयी वाचले होते. श्रीमंत देशांत स्त्रियांचे शिक्षण पुरुषांच्या बरोबरीने किंवा पुढे गेले असूनही कमाईत तफावत उरली आहे, तिचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होतो, आणि जी कामे माणसाचा वेळ हवा तेव्हा मागतात त्यांना पगारही जास्त असतो, असे त्या दाखवतात. रवानगीचे पद म्हणजे तसेच काम. ते पद आता ज्या सहकाऱ्याकडे आहे त्यालाही दोन मुले आहेत. त्याच्या घरी साडेसातचा प्रश्न कधी उपस्थित झाला नाही, कारण त्याची पत्नी लग्नापूर्वी करत असलेली नोकरी सोडून घरी आहे.

सहाच्या वेळेबद्दल मी काकूंशी बोलले, तेव्हा त्यांचे उत्तर ऐकून माझा राग निवळला. वेळ वाढवायची तर अक्कांना थांबावे लागेल, आणि अक्का राहतात अशोक चौकाच्या पलीकडे. अंधार पडल्यावर सीटवर जाणारी रिक्षा मिळत नाही, पूर्ण रिक्षा करायची तर दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा त्यातच जातो. शिवाय घरी जाऊन त्यांना स्वयंपाक आहे.

या निमित्ताने अक्कांशी जे बोलणे झाले ते इथे दिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे विड्या वळल्या. सोलापुरात हे काम बायका घरी बसून करतात. ठेकेदाराकडून किंवा शाखेतून पाने आणि तंबाखू आणायचा, पाने भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. हजार विड्या हे दिवसाचे माप. त्यांची तिन्ही मुले त्या सुपाशेजारी, तंबाखूच्या धुरळ्यात वाढली. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या आवारासाठी. काम घरात गेले की आवारच उरत नाही. ‘पोरगं सांभाळत सांभाळत काम होतं म्हणून विडी बरी, असं सगळे म्हणायचे,’ अक्का सांगत होत्या, ‘पण पोर आजारी पडलं की हजाराच्या पाचशे व्हायच्या. पैसे पाचशेचेच.’ नजर कमी झाल्यावर त्यांनी विडी सोडली. कुंभारीला विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत झाली, तिथे त्यांच्या बहिणीला घर मिळाले, यांना नाही.

त्यांची मुलगी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर होती. मूल झाल्यावर तिने ते काम सोडले आणि आता घरी नगावर शिलाई करते. कमाई निम्म्याहून खाली आली आहे. तिचे मूल आजीने सांभाळावे हे घरात स्वाभाविकपणे सुचले होते, पण आजी दिवसभर माझे मूल सांभाळते. ‘लाडकी बहीणचे दीड हजार येतात की,’ मी म्हटले. अक्का हसल्या. ‘येतात. पण तिच्या पोराला ठेवायला गल्लीतली बाई तीन हजार मागते.’

पाळणाघरात चौदा मुले आहेत, त्यांतली पाच अर्ध्या दिवसाची, निम्म्या फीवर. अक्कांना ९,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या बाईंना ८,०००. हे आकडे मला काकूंनीच सांगितले, लपवले नाहीत. माझ्या हिशेबाने महिन्याला बावन्न हजारांच्या आसपास जमा होत असावेत, आणि दोन पगार, किराणा, दूध, गॅस आणि उन्हाळ्यातले विजेचे बिल जाऊन काकूंना फार उरत असेल असे वाटत नाही. मालकिणीचा लोभ इथे नाही. मला ४,५०० रुपये परवडतात म्हणून फी तेवढी आहे, आणि फी तेवढी आहे म्हणून अक्कांच्या घरी त्यांची लेक नगावर शिलाई करते. मी फी वाढवून द्यायला तयार आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि ‘पाचशे रुपयांपर्यंत’ असे माझे उत्तर आले. ते लिहिताना मला संकोच वाटतो, पण आकडा तोच आहे.

दुसरा दोष उन्हाचा. तीन वर्षांवरच्या मुलांना दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो आणि त्या खोलीत एक कूलर पुरत नाही. या उन्हाळ्याआधी पत्र्याखाली काहीतरी घालून घेणार असे काकू म्हणाल्या आहेत, मी आठवण करत राहणार आहे. तिसरी अडचण सुट्ट्यांची. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस, दिवाळीत आठ, मे महिन्यात एक आठवडा पाळणाघर बंद असते. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी बंद असण्याविषयी कोणा सोलापूरकराची हरकत असणार नाही, पण मे महिन्यातला आठवडा दरवर्षी माझ्या हक्काच्या रजेतून जातो. त्यामुळे मूल आजारी पडले की बिनपगारी रजा घ्यावी लागते. गेल्या वर्षी अशा सात रजा झाल्या.

आजारपणावरून आठवले. प्रवेशाच्या अर्जात ‘आईच्या कामाची वेळ’ असा रकाना होता आणि वडिलांच्या फक्त व्यवसायाचा. माझ्या पतींचे कार्यालय विजापूर रस्त्यावर, पाळणाघरापासून पाच-सात मिनिटांवर आहे. तरी मुलाला ताप आला की फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला मलाच येई. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यांत घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले होते. हे फोन त्या मिनिटांत मोजले जात असतील असे वाटत नाही. मी अर्ज मागून घेतला आणि पतींचा क्रमांक पहिला लिहिला. त्यानंतरही एकदा काकूंनी मलाच फोन केला. ‘साहेबांना कामातून कसं उठवायचं?’ असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी पतींनीच त्यांना सांगितले, ‘काकू, मला फोन करत जा, मी जवळ आहे.’ तेव्हापासून सुधारणा आहे. पतींना कार्यालयात ‘आज काय, बाळाची ड्युटी का?’ असे विचारतात आणि त्यात थोडी थट्टा असली तरी कौतुकही असते. मला त्याच कारणासाठी बोलणी खावी लागली होती.

सहाच्या वेळेबाबत आम्ही तीन आयांनी मिळून काकूंपुढे एक प्रस्ताव ठेवला. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातपर्यंत थांबायचे, त्या दोन दिवसांचे जादा पैसे थेट अक्कांना द्यायचे, आणि त्यांच्या परतीच्या रिक्षाचे भाडे आम्ही भरायचे. अक्कांनी स्वतःची एक अट घातली. त्या दोन दिवशी दुपारनंतर नातवालाही इथेच आणायचा, म्हणजे लेकीला कारखान्यात अर्ध्या पाळीला जाता येईल. काकूंनी नातवाची फी घेणार नाही असे सांगितले. पुढच्या महिन्यापासून ही व्यवस्था सुरू होणार आहे. माझ्या कारखान्यात रवानगीचे पद आता रिकामे नाही, पण मालकांना मी कळवून ठेवले आहे की आठवड्यातले दोन दिवस मी उशिरापर्यंत थांबू शकते.

गुण द्यायचे तर सांभाळ, अन्न आणि स्वच्छता यांसाठी पाचपैकी साडेचार, जागेसाठी तीन आणि वेळेसाठी अडीच. ज्यांचे काम साडेपाचला सुटते आणि जवळ आहे त्यांनी हे पाळणाघर डोळे मिटून निवडावे. ज्यांना पाळीत काम करावे लागते, विशेषतः रुग्णालयातल्या परिचारिकांना, त्याचा उपयोग होणार नाही. सध्या दोन वर्षांखालच्या खोलीत एक जागा आहे. बघायला जायचे असेल तर रविवारी जाऊ नये, कारण तेव्हा काकू सगळे आवरून ठेवतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराला, मुले जागी असताना आणि भात शिजत असताना जावे, आणि जमल्यास बाळाच्या वडिलांनाही बरोबर न्यावे, म्हणजे अर्जावर त्यांचा क्रमांक तिथेच लिहिता येईल.